धरा, पकडा की गाठा? 'कॅच' हे इंग्रजी क्रियापद वापरायचं कसं

होडीत चढणाऱ्या पाहुण्याला 'रेलिंग पकडा' असं इंग्रजीतून सांगायची वेळ आली की आपल्याकडचे बरेच जण 'कॅच द रेलिंग' म्हणून मोकळे होतात. पाहुणा समजून घेतो, रेलिंग धरतो, होडी सुटते. काही चुकलं हे कोणाच्या गावीही नसतं. पण रेलिंग काही पळून चाललेलं नसतं, आणि जे हातातून निसटण्यासारखं नाही ते इंग्रजीत 'कॅच' करत नाहीत. या क्रियापदाची एवढी एक खूण पक्की बसली की पुढचं निम्मं काम झालं.

मालवण-तारकर्लीचे होडीवाले, गुहागर-दिवेआगरचे होमस्टेवाले, रत्नागिरीच्या कॉलेजात इंग्रजीला दबकून असलेली मुलं, सगळ्यांच्या तोंडी हा शब्द येतोच: मासळीत, गाडीत, क्रिकेटमध्ये, सर्दीपडशात. म्हणून त्याच्यावर जरा सविस्तर. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्यानं म्हणा, नुसती नजरेखालून घालून उपयोग नाही.

आधी कूळ बघा

लॅटिनमध्ये 'कापेरे' म्हणजे घेणं, ताब्यात घेणं. त्याच्यापासून 'काप्तारे' झालं: धरायला धडपडणं, मागे लागणं. 'कॅप्चर' आणि 'कॅप्टिव्ह' हे याच घरातले. पुढे फ्रान्समध्ये या शब्दाला बोलीप्रमाणे दोन फाटे फुटले. नॉर्मंडी-पिकार्डीकडे, म्हणजे उत्तरेला, सुरुवातीचा 'क' तसाच राहिला. पॅरिसकडे त्याचा 'च' झाला. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्या बोलीतलं रूप इंग्रजीत शिरलं, तेच आजचं 'कॅच'. पॅरिसकडचा भाऊ मागाहून आला, तो 'चेस'. म्हणजे पाठलाग आणि पकड हे इंग्रजीत एकाच आईची लेकरं आहेत. सुरुवातीच्या काळात 'कॅच'चा अर्थसुद्धा पाठीमागे लागणं असा होत असे. नंतर दोघांनी काम वाटून घेतलं. धावायचं 'चेस'नं, हाती लावायचं 'कॅच'नं.

याच कुळात तिसरा एक आहे, आणि तो ऐकून मला तरी गंमत वाटली होती: 'पर्चेस'. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ मागे लागून मिळवणं. संध्याकाळी जेटीवर मासळीचा लिलाव चाललेला असताना सुरमईच्या टोपलीमागे लागलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं समजावायला नको.

कूळ सांगायचं कारण एवढंच, की 'कॅच'मधला पाठलाग अजून गेलेला नाही. चेंडू, चोर, मासा, गाडी, भरती, वारा, कोणाचं बोलणं: यातलं प्रत्येक चालतं आहे, आणि वेळेत गाठलं नाही तर गेलं.

मालवणीत याच्या सगळ्यात जवळ जाणारा शब्द आहे 'गावणे'. 'आज काय गावला?' 'बांगडे गावले.' 'गाडी गावली नाय.' 'चोर गावलो.' या चारही ठिकाणी इंग्रजीत डोळे झाकून 'कॅच' घाला, चुकणार नाही. प्रमाण मराठीतल्या 'पकडणे'पेक्षा मी तर म्हणेन 'गावणे' धरूनच चला. अडचण एकच आहे, वाक्याच्या रचनेची, ती पुढे सोडवू.

मग विचारा: हलतंय की थांबलंय?

होडी जेटीला लागते तेव्हा काय होतं ते आठवा. खलाशी पुढच्या टोकावरून दोर फेकतो. दोर हवेत आहे तोवर जेटीवरच्या माणसाला ओरडून सांगायचं, 'कॅच द रोप!' दोर हातात आला, आता तो सोडू नकोस म्हणायचं, 'होल्ड द रोप!' आणि खुंट्याला बांधायचा झाला की 'टाय द रोप'. पाच-दहा सेकंदांत एकाच दोराला तीन क्रियापदं. मराठीत पहिल्या दोन्हींना आपण 'धर, धर' एवढंच म्हणतो, म्हणून इंग्रजीत घोटाळा होतो.

लहान मुलाचंही तसंच. 'तिचा हात पकडा, पायऱ्या शेवाळल्यात' याला 'होल्ड हर हँड'. पाय घसरून ती पडायलाच लागली तर मात्र 'कॅच हर!' पहिल्यात हात जागच्या जागी आहे, दुसऱ्यात मूल खाली येतं आहे.

मराठीतल्या 'पकड' आणि 'धर'नं किती ठिकाणी फसवायचं ठेवलंय बघा. 'इथे नेटवर्क पकडत नाही' हे आपलं रोजचं रडगाणं. त्याला 'आय कान्ट गेट अ सिग्नल हिअर'. 'पुढे गेलात की डावा रस्ता पकडा' याला 'टेक द रोड ऑन द लेफ्ट'. गाडीनं वेग पकडला तर 'पिक्ड अप स्पीड'. कान पकडून उठाबशा काढायच्या तर कान 'होल्ड' करायचे. 'पावसानं जोर धरला' याचं शब्दाला शब्द लावून इंग्रजी करायच्या भानगडीत पडूच नका. 'इट्स रेनिंग हार्डर नाऊ' म्हणा आणि पाहुण्याला पडवीत घ्या.

आणि जिथे 'कॅच' हक्कानं बसतं तिथे बिनधास्त वापरा. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध असला की ओहोटीला होडी बाहेर निघत नाही. भरती गाठावी लागते. पाहुणा पहाटे उठायला कुरकुरला तर त्याला सांगा, 'वी हॅव टू कॅच द हाय टाइड.' भरती कोणासाठी थांबत नाही हे त्या 'कॅच'मध्येच आलं, वेगळं कारण द्यावं लागत नाही. सूर्यास्तही असाच: 'कॅच द सनसेट' म्हणजे बुडायच्या आत पोचणं. आणि दुपारभर किनाऱ्यावर लोळून लालबुंद झालेल्या एखाद्या ब्रिटिश पाहुण्याला 'यू हॅव कॉट द सन' म्हणालात तर तो खूश होईल. ऊन लागून कातडी लाल होण्याला त्यांच्याकडे असंच म्हणतात.

आता कर्ता उलटा करा

मराठी माणूस खरा अडतो तो इथे. मराठीत बऱ्याच गोष्टी आपण करत नाही, त्या आपल्याला होतात. मला सर्दी झाली. मला गाडी मिळाली. माझी गाडी चुकली. मला नीट ऐकू आलं नाही. सगळीकडे 'मी' बाजूला, 'मला' होऊन बसलेला, आणि सर्दी किंवा गाडी कर्ता होऊन पुढे. मालवणीतही तसंच: 'माका गाडी गावली.' इंग्रजीत मात्र सगळा भार 'आय'वर. 'आय कॉट अ कोल्ड.' 'आय कॉट द ट्रेन.' 'आय मिस्ड द ट्रेन.' 'आय डिडन्ट कॅच दॅट.'

म्हणून वाक्य जुळवताना आधी 'मला' शोधा, त्याचा 'आय' करा, त्याला पुढे आणा आणि मग क्रियापदाकडे वळा. हा क्रम पाळला नाही तर तोंडातून 'द ट्रेन इज नॉट कॉट टू मी' असलं काहीतरी निघतं. सरावासाठी दिवसभरातली 'मला'ची वाक्यं टिपून ठेवा आणि रात्री त्यांतली दोन-चार उलटून बघा. 'मला त्याचं नाव कळलं नाही', म्हणजे आवाजात विरून गेलं: 'आय डिडन्ट कॅच हिज नेम.' 'मला वेटरची नजर वेधता आली नाही', म्हणजे हॉटेलात तो आपल्याकडे बघतच नाही: 'आय कुडन्ट कॅच द वेटर्स आय.'

यातलं 'सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट' हे एक वाक्य तर होमस्टेच्या भिंतीवर लिहून ठेवावं असं. पाहुणा भरभर बोलला आणि आपल्याला कळलं नाही की आपण एकतर नुसतं 'यस यस' करतो किंवा 'व्हॉट?' म्हणतो. 'व्हॉट?' कानाला खटकतं. 'डिडन्ट कॅच दॅट' म्हणजे तुमचे शब्द माझ्या हातून निसटले, पुन्हा सांगा. यात कोणाचं इंग्रजी कच्चं हा प्रश्नच येत नाही.

आजाराबाबत एक मर्यादा आहे. जे एकाकडून दुसऱ्याकडे जातं, किंवा पाण्या-मातीतून अंगात शिरतं, तेच 'कॅच' होतं: सर्दी, फ्लू, गोवर, कांजिण्या. पावसाळ्यात चिखलात उतरणाऱ्या शेतकऱ्याला होणारा लेप्टोही चालेल. मधुमेह, बीपी, संधिवात हे कोणाकडून उडून येत नाहीत, त्यामुळे 'माय फादर कॉट डायबिटीस' ऐकून समोरचा दचकेल. तिथे 'हॅज' म्हणा. सर्दी झाली ती घटना सांगायची तर 'कॉट अ कोल्ड', आत्ता सर्दी आहे एवढंच सांगायचं तर 'आय हॅव अ कोल्ड'.

गाडीच्या बाबतीत 'टेक' आणि 'कॅच' यांत बारीक फरक आहे. कशानं जायचं हे सांगताना 'टेक'. वेळेवर गाठून चढायचं असेल तेव्हा 'कॅच'. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याला व्हॉट्सॲपवर असं लिहा:

'टेक द मांडवी एक्सप्रेस टू कुडाळ. यू कॅन कॅच इट ॲट पनवेल. फ्रॉम कुडाळ टेक अ रिक्षा. इफ यू मिस द ट्रेन, प्लीज कॉल मी.'

चार वाक्यांत 'टेक', 'कॅच' आणि 'मिस' आपापल्या जागी बसले. 'इफ यू कान्ट कॅच' चूक नाही, पण 'मिस' असताना कोणी तसं म्हणत नाही. १९९८ च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाला तेव्हापासून हे निरोप आपण पाठवतोच आहोत. मालवणला स्टेशन नाही, कुडाळ-कणकवलीला उतरावं लागतं, हे दर वेळी समजावून सांगायचं.

भूतकाळ: कॉट

कॅच, कॉट, कॉट. 'कॅच्ड' नाही. स्पेलिंग सी-ए-यू-जी-एच-टी, त्यातले जी-एच मुके. कधीकाळी तिथे 'ख'सारखा घशातला आवाज होता, तो गेला आणि अक्षरं मागे राहिली. फ्रेंचमधून आलेली क्रियापदं सहसा मुकाट 'ईडी' लावून भूतकाळात जातात. हेच एक आडमुठं का? तर इंग्रजीत आधीपासून 'लॅच' हे घरचं क्रियापद होतं, त्याचाही अर्थ धरणं, आणि त्याचा भूतकाळ याच धाटणीचा होता. पाहुण्यानं यजमानाची चाल उचलली. पुढे यजमानच मागे पडला आणि आता दाराची कडी होऊन राहिलाय.

'टीच–टॉट' ज्याला येतं त्याला 'कॅच–कॉट' पाठ करावं लागत नाही. दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या छापील इंग्रजीत 'कॅच्ड'ही सापडतं, पण हे परीक्षकाला सांगत बसू नका.

कोणाला काय करताना पकडलं?

रचना सोपी: कॅच, मग माणूस किंवा जनावर, मग 'इंग' लावलेलं क्रियापद. 'आय कॉट द मंकीज ईटिंग अवर मँगोज.' माकडांचा उपद्रव सांगायला याहून बरं वाक्य नाही. इथे 'टू ईट' नको, 'दॅट दे वेअर' नको, सरळ 'ईटिंग'.

या रचनेला एक वास आहे: समोरचा नको ते करताना सापडला. म्हणून 'आय कॉट माय सन स्टडीइंग' म्हणालात तर ऐकणारा हसेल, कारण अर्थ असा होतो की पोरगा चोरून अभ्यास करत होता. साधं पाहिलं असेल तर 'सॉ'.

याच्याच शेजारी 'गेट कॉट इन'. 'वी गॉट कॉट इन द रेन', पावसात सापडलो. 'वी गॉट कॉट इन ट्रॅफिक ॲट माणगाव', हे तर गणपतीला गावी येणाऱ्या प्रत्येकानं पाठच करून ठेवावं. मात्र 'इन' गाळून नुसतं 'आय गॉट कॉट' म्हणू नका. त्याचा अर्थ पोलिसांनी किंवा टीसीनं धरलं.

डॉल्फिन प्रकरण

तारकर्ली-देवबागला, दापोलीजवळ मुरुड-हर्णैला सकाळी डॉल्फिन दाखवायला होड्या निघतात. 'कम, सर, वी विल कॅच डॉल्फिन' हे वाक्य कृपा करून टाळा. समुद्र, होडी आणि 'कॅच' एकत्र आले की अर्थ एकच: जाळ्यात धरणे. डॉल्फिन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, धरणं हा गुन्हा आहे, आणि पाहुणा परदेशी असेल तर तो होडीत पाय ठेवण्याआधीच मागे फिरेल. म्हणायचं असं: 'वी मे कॅच साइट ऑफ सम डॉल्फिन्स.' 'साइट ऑफ' हे दोन शब्द घातले की पकड नजरेची झाली. 'मे'ही सोडू नका. डॉल्फिन दिसतीलच असं कोणीही छातीठोक सांगू शकत नाही, आणि नाही दिसले तर पैशांवरून वाद नको. हे लांबलचक वाटत असेल तर 'सी' म्हणा, तेही उत्तम.

अप, ऑन, आउट

'कॅच अप विथ' म्हणजे मागून जाऊन गाठणं: 'यू गो अहेड, आय विल कॅच अप विथ यू.' बाजारातून चालताना रोज उपयोगी. 'कॅच अप ऑन' म्हणजे राहिलेलं भरून काढणं, झोप असो की अभ्यास. मे महिन्यात चाकरमानी घरी आले की रात्री अंगणात जे चालतं तेही 'कॅचिंग अप', गप्पा मारून मधल्या काळाची बाकी चुकती करणं. 'कॅच ऑन' म्हणजे डोक्यात शिरणं, किंवा एखादी गोष्ट रुळणं; 'स्कूबा डायव्हिंग कॉट ऑन इन मालवण' हे अगदी बरोबर. 'कॅच आउट'चा अर्थ लबाडी किंवा चूक उघडी पाडणं. क्रिकेटमधल्या 'कॉट आउट'शी त्याची गल्लत करू नका. क्रिकेटच्या नियमावलीत 'कॉट' हा स्वतंत्र नियम आहे, क्रमांक ३३, आणि धावफलकावर फलंदाजाच्या नावापुढे जो छोटा 'सी' दिसतो तो त्याचाच.

नाम झालं की बाजार बदलतो

'अ कॅच' म्हणजे झेल, हे पोरासोरांना ठाऊक. 'द कॅच' म्हणजे हाती लागलेली मासळी, हे रापणकरांना. रापणीचे दोन्ही दोर ओढून जाळं वाळूवर आलं की आत जे काही आहे ते सगळं 'कॅच': विकायचे बांगडे-तारल्याही आणि परत टाकायचा कचराही. सरकारी आणि संशोधनाच्या कागदांत मात्र बऱ्याचदा 'लँडिंग' असा शब्द असतो. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था दर वर्षी जे आकडे देते ते मुख्यतः बंदरावर उतरवलेल्या मासळीचे. समुद्रातच फेकून दिलेली 'कॅच'मध्ये येते, 'लँडिंग'मध्ये नाही. बातमी वाचताना हे दोन शब्द एक समजू नका.

नको असताना जाळ्यात आलेलं ते 'बायकॅच'. त्यात कधी समुद्री कासव असतं. असा संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर महाराष्ट्रात मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. अर्ज करताना फोटो लागतात, म्हणून जाळं कापण्याआधी मोबाइल काढा.

लग्नाच्या बोलाचालीत 'ही इज अ गुड कॅच' म्हणजे स्थळ चांगलं. मुंबईत स्वतःची खोली, गावाला कलमांची बाग, वगैरे. मुलाच्या तोंडावर म्हणू नये.

आणि 'व्हॉट्स द कॅच?' म्हणजे यात मेख काय? खोलीचं भाडं तुम्ही फारच कमी सांगितलंत की पाहुणा हे विचारतो. गडबडून जाऊन मासळीची यादी वाचू नका. त्याला छुपी अट हवी आहे. असेल ती सांगा: 'द बाथरूम इज आउटसाइड.' नसेल तर 'नो कॅच' एवढंच.

राहता राहिला खानावळीबाहेरचा फळा. 'कॅच ऑफ द डे' असं खडूनं लिहिलं की त्याच्याखाली आज उतरलेली मासळीच यायला हवी, आणि तिचं नाव रोज पुसून नव्यानं लिहायला हवं. कायमचं रंगवून घेतलेलं 'कॅच ऑफ द डे: पापलेट' हे बघणाऱ्याला लगेच कळतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत फ्रीजरमधली सुरमई वाढत असाल तर ती ओळ पुसा आणि 'फ्रोझन सुरमई' लिहा. खाडीतली कोळंबी किंवा कुर्ल्या आल्या असतील तर 'फ्रेश फ्रॉम द क्रीक' लिहा, आणि त्या दिवशी 'कॅच ऑफ द डे'ही खुशाल लिहा.